शिवराम, तुझ्या विहिरीला पाणी नव्हतं

शिवराम,

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. एवढ्यात तुझ्यावर लिहायला मी निदान दहा वेळा बसलो असेन. पहिल्या कागदावर 'कै. शिवराम यांचा जन्म' इतकं लिहिलं आणि तिथेच अडलो, कारण तुझा जन्म कधीचा ते मला ठाऊक नाही. कारखान्याच्या कागदावर आहे एक तारीख. पण तो कागद मीच भरला होता. तू म्हणाला होतास, "लिवा कायबी, दुष्काळाच्या आसपास." आणि मी हजेरीखात्याचा कारकून, मला एक रकाना रिकामा बघवत नाही, म्हणून एक बरीशी तारीख बघून ठोकून दिली. तेव्हा जन्म राहू दे. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची ही माझी खोड तुला किती महागात पडली, त्याचंच आज सांगायचं आहे.

दमलोय रे. रडून नाही, रडणं मला नीट जमत नाही. तुझ्या मातीला सगळे रडत होते तेव्हा माझ्या वहाणेचा अंगठा तुटला आणि मी तो बांधत बसलो. कुणी म्हणालं, बिचारा कोसळला. मी वहाण बांधत होतो. हे तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास. हसणारा गेला की आपली फजिती आपल्याच अंगावर राहते, तिचं काय करावं कळत नाही.

आपली गाठ पडली तीसुद्धा माझ्या फजितीतच. पिंपरीला कारखाना नवा होता, मी बार्शीहून आलेला तितकाच नवा, आणि बॉयलरवरचा एक गडी कामाच्या वेळात कागदावर काहीतरी खरडतो म्हणून त्याला समज द्यायला साहेबांनी मला पाठवलं. मी वाफेत, घामात तिथे पोहोचलो. तू वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहीत होतास. मी तो कागद हिसकावला आणि समज द्यायची म्हणून वाचायला लागलो. एक माणूस विहीर खणत होता. पान संपलं, मी दुसरं मागितलं. ते संपलं, तिसरं मागितलं. समज द्यायची राहूनच गेली. उलट मी तुला ऐटीत सांगितलं की मीही लेखक आहे, तीन अंकी नाटक लिहितोय.

"किती लिवलंय?" तू विचारलंस.

"पहिला प्रवेश."

"कवापासनं?"

चार वर्षं, हे मी जरा हळू सांगितलं. माझा नायक चार वर्षं स्टेशनावर ट्रंकेवर बसून होता. गाडी यायची नाही, त्याला उठवायची मला हिंमत व्हायची नाही. तू हसला नाहीस. एवढंच म्हणालास, आयतवारी चिंचवडच्या घाटावर या, दुसरा प्रवेश घेऊन. मीपण पान आणतो.

इतकंच. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. देवळामागचा घाट, खाली पवना, आणि सकाळची उन्हं पायऱ्या उतरून पाण्याशी पोहोचेपर्यंतचा वेळ. आपले ड्रॉइंग मास्तर तिथे आधीपासूनच असायचे, दर रविवारी तोच काठ रंगवत. ते आपोआप सामील झाले. मग एक दिवस सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातले लछमनदास सायकलवर बिस्किटांचा डबा लावून आले, आपलं वाचन ऐकत उभे राहिले, आणि तिसऱ्या रविवारी त्यांनीही कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. सिंधीतली कविता. आपल्या तिघांना एक अक्षर कळलं नाही. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडला, एवढं मात्र कळलं. संपल्यावर ते आपल्याकडे बघत राहिले. काय बोलणार? मास्तरांनी घसा खाकरला. मी 'सुंदर' म्हणण्याच्या बेतात होतो, मला कसली लाज. तेवढ्यात तू विचारलंस, "पुढं?"

आणि लछमनदासांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या रविवारी त्यांनी पुढचं आणलं.

तिथूनच तुझा नियम निघाला. तू म्हणालास, ज्याचं आपल्याला कळत न्हाई त्याला आपण नावं ठेवली न्हाईत, मग ज्याचं कळतं त्याला तरी का ठेवायची? तेव्हापासून आणलेलं वाचायचं, मास्तरांनी दाखवायचं, आणि बाकीच्यांनी 'पुढं?' एवढाच एक शब्द बोलायचा. वाहवा नाही, सूचना नाही. मला हा नियम फार जाचला. मी वाहवेसाठीच लिहीत होतो. शिवाय दुसऱ्याच्या लेखनात सुधारणा सुचवणं हा माझा खरा छंद. स्वतःचं लिहिणं ही त्याची सबब.

दुसरा नियम रिकाम्या हाताने येणाऱ्यासाठी. त्याने यायचं, चुकवायचं नाही, पण आपल्याकडे पाठ करून नदीकडे तोंड करून बसायचं. पहिलं वर्षभर ती जागा बहुतेक माझीच होती. पवनेवर धुणं धुणाऱ्या बाया मला बघून म्हणायच्या, आजपण न्हाई वाटतं जमलं. एकदा मी जुनंच पान नव्या शाईने उतरवून आणलं. लछमनदासांना पत्ता लागला नाही, मास्तर रंगात होते. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालास, "कारकून, ह्यो माणूस गेल्या दिवाळीतबी ह्याच ट्रंकेवर बसला व्हता." मी कागद खिशात घातला आणि मुकाट नदीकडे तोंड केलं.

पण लिहिलं बरं का मी. घरी, खोलीत एकट्याने बसलं की मला झोप यायची, भूक लागायची, जगातली सगळी पत्रं पाठवायची राहिल्याचं आठवायचं. शनिवारी मात्र झोप उडायची. उद्या तो बॉयलरवरून रात्रपाळी करून, लाल डोळ्यांनी, न झोपता थेट घाटावर येणार, पान घेऊन. आणि आपण काय, पाठ घेऊन जायचं? त्या लाजेपोटी माझा नायक एकदाचा ट्रंकेवरून उठला. प्रतिभा वगैरे जे असेल ते असो, माझ्या बाबतीत तिचा पत्ता तुझे लाल डोळे हा होता.

आता ते सांगतो.

तिसऱ्या वर्षी तू बाजरीच्या काढणीला महिनाभर गावी निघालास. चाकणच्या अलीकडचं तुझं गाव. जाताना वही माझ्याकडे ठेवलीस, घरी उंदरं खातील म्हणून. विहिरीची गोष्ट तेव्हा पुरी झाली होती. तुझा बाप नऊ उन्हाळे विहीर खणतो. पहिल्या वर्षी भाऊबंद सोबत असतात, मग एकेक वर निघून जातो, शेवटी तो एकटाच उतरतो. खडकच लागतो. नवव्या वर्षीही खडकच. शेवटची वाक्यं मला अजून पाठ आहेत: 'तिन्हीसांजा बाप वर आला. पाय धुवायला पाणी नव्हतं. तो तसाच जेवायला बसला.'

मी ती गोष्ट एका रात्रीत वाचली आणि मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, हे मी कधीच लिहू शकणार नाही. दोन, हे जरा सुधारायला हवं. माणसाला या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटू शकतात, विचारू नकोस. मला वाटल्या. वाचक बिचारा तुझ्याबरोबर एवढ्या खोल उतरतो, त्याला तळाशी काही मिळायला नको का? तेव्हा मी सुवाच्य अक्षरात सगळी गोष्ट उतरवून काढली आणि शेवटी पाणी आणलं. थोडंथोडकं नाही, सव्वा पान. पहारीखाली गारवा लागतो, खडकाला घाम फुटतो, झरा उसळतो, बापाच्या डोळ्यांतलं पाणी आणि विहिरीतलं पाणी एक होतं. गंगा आली, भगीरथ आला. बार्शीच्या माणसाला पाण्याचं वर्णन करायला मिळालं की तो आवरत नाही. ते सगळं तुझ्या नावाने पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवून दिलं, तुला चकित करायचं म्हणून.

त्यांनी छापलं. शिवराम, मी चार वेळा पाठवलेलं त्यांनी चार वेळा परत केलं होतं, आणि तुझं पहिल्या फटक्यात छापलं. मला वाटलं, पाण्यामुळेच.

तू गावाहून परतलास त्या रविवारी मी अंक वर्तमानपत्रात गुंडाळून आणला, सोबत तुझी वही आणि पेढे. मास्तरांनी तुझ्या पाठीवर थाप मारली, लछमनदासांनी मिठी मारली. तू ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलास. आम्ही तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. वाचता वाचता तू एकदा हसलास, चुलत्याच्या वर्णनाला. मग शेवटचं पान आलं आणि बोट थांबलं. बराच वेळ ते एकाच ओळीवर होतं. मी समजलो, भारावलाय.

तू वर बघितलंस. आवाज चढवला नाहीस.

"पाणी लागलं असतं तर मी लिवलं कशाला असतं?"

मी काहीबाही बोललो. कला, वाचक, आशा. तू ऐकून घेतलंस. पेढा घेतलास, खाल्ला नाहीस, पोराला म्हणून खिशात ठेवलास. आणि पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने आलास, पायरीवर आमच्याकडे पाठ केलीस आणि नदीकडे तोंड करून बसलास. ते अकरा महिने.

तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. मासिकाला पत्र लिवा, तुमच्या हातानं, की पाणी तुमी आणलं. हिरीला पाणी न्हवतं. मी म्हटलं, लिहितो. दुसऱ्या महिन्यात म्हणालो, मसुदा झालाय. तिसऱ्यात, संपादक आजारी आहेत. तुझ्याशी वादही घातला: छापून गेलेली गोष्ट, कोण लक्षात ठेवतं, आणि शेवटी विहिरीला पाणी लागलं यात कुणाचं काय बिघडलं? तू पाठमोराच म्हणालास, "ते तुमाला न्हाई कळायचं." मी चिडलो. मला न कळणारं काही असतं हे मला कुणी सांगितलेलं खपत नाही.

पत्र का लिहिलं नाही त्याचं खरं कारण आज सांगतो. माझ्या नाटकाचा पहिला अंक त्याच संपादकांकडे विचारासाठी पडून होता. दुसऱ्याच्या गोष्टीत परस्पर पाणी सोडणारा माणूस अशी ओळख झाली असती, तर त्यांनी तो उघडलाही नसता. एवढंच कारण होतं. मसुदा झालाच नव्हता. संपादक ठणठणीत होते.

आणि तू येत राहिलास. हेच मला अजून सोसत नाही. एक ओळ न लिहिता, रात्रपाळी करून, पाठ करून बसायला येत राहिलास. एकदा मास्तरांनी विचारलं, शिवराम, तू लिहीत नाहीस तर मग झोप का मोडतोस? तू म्हणालास, मी न्हाई आलो तर चाराचे तीन व्हतील, मग कुणाला पाव्हणं येतील, कुणाचं पोट दुखंल, आन् मग घाटावर नुसत्या म्हशी. असं म्हणून हसलास. आम्ही वाचायचो, आणि तुझ्या पाठीकडून शब्द यायचा, "पुढं?" माझा दुसरा अंक आणि तिसरा अंक मी तुझ्या पाठीला वाचून दाखवलाय. ज्याचं लिहिणं मी बंद पाडलं, त्यानेच माझं पुरं करून घेतलं. एवढी उधळपट्टी कुणी करतं का रे?

ज्या रविवारी मी शेवटचा प्रवेश वाचला, त्या दिवशी नाटक संपलं. पुढे विचारायला काही उरलं नव्हतं. तू पहिल्यांदाच मान वळवलीस. "झालं न्हवं तुमचं? आता ते पत्र लिवा."

"उद्याच लिहितो," मी म्हणालो.

तो उद्या तापाचा निघाला. इस्पितळात मी दोनदा आलो, मोसंबी घेऊन. तू बॉयलरवर कोण आहे ते विचारलंस, लछमनदासांचं पुढं काय झालं ते विचारलंस. पत्राचं विचारलं नाहीस. मी मनात म्हटलं, बरं झालं, विसरला. मोसंबी सोलून दिली. तुला गिळवत नव्हतं, म्हणून ती मीच खाल्ली. बस, तेवढंच झालं आपलं शेवटचं बोलणं, आणि त्यात निम्मा वेळ माझं तोंड भरलेलं.

तू गेल्यावर पहिल्या रविवारी मला वाटलं, कुणी येणार नाही. गेलो तर लछमनदास आणि मास्तर आधीच बसलेले. तुझं म्हणणं अगदीच खोटं पडू नये म्हणून दोघंही पोट दुखत असताना आल्यासारखे दिसत होते. लछमनदासांनी वाचलं. मास्तरांनी काठ दाखवला. तुझ्या पाळीला आम्ही एक पान वाचायला लागेल तेवढा वेळ बसून राहिलो. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. मी उठलो आणि तुझ्या पायरीवर, नदीकडे तोंड करून बसलो. तिथून ऐकू जास्त येतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मला ती जागा चांगली ठाऊक होती; पण माझ्या वर्षभरात मी नुसता लाजत बसायचो, ऐकत नव्हतो. तू अकरा महिने ऐकलंस.

मागून लछमनदास, मला ते 'अदा' म्हणजे भाऊ म्हणत, त्यांच्या मराठीत म्हणाले, "अदा, ती चिठ्ठी लिहिली?" त्यांनाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. अकरा महिने त्यांनी सूचना न करण्याचा नियम पाळला होता.

काल मी एस. टी.ने तुझ्या गावी गेलो. वहिनींनी वही आणून दिली. मी ती उघडताना देवाला म्हणत होतो की या अकरा महिन्यांत चोरून का होईना काही लिहिलेलं असू दे. नव्हतं. 'तसाच जेवायला बसला', आणि पुढे सगळी कोरी पानं.

आबा विहिरीवर आहेत, असं वहिनी म्हणाल्या. आबा म्हणजे तुझे वडील; मला वाटलं होतं, ते गोष्टीतच राहतात. ते काठावर उकिडवे बसले होते, आत बघत. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"पाणी आणणारे कारकून व्हय?"

मी मान हलवली. मी आजवर बऱ्याच ठिकाणी खजील झालोय, त्याचे किस्से करून सांगितलेत. याचा किस्सा होत नाही. म्हातारा म्हणाला, बसा. मग सांगायला लागला. अंक गावात आला तेव्हा लोक म्हणाले, आबा, तुझ्या हिरीला पुस्तकात पाणी लागलंय. आबांना वाचता येत नाही. तू घरी आला होतास; तुला त्यांनी जवळ बसवलं आणि वाचायला लावलं. पाण्यापाशी आलास तेव्हा तू म्हणालास, हे माझं न्हाई, खोटं हाय. आबा म्हणाले, आसू दे, वाच. वाचून झाल्यावर म्हणाले, परत वाच.

"तीनदा वाचून घेतलं मी त्याच्याकडनं," आबा म्हणाले. "लई ग्वाड लागलं. नऊ वरसं खणली न्हवं मी."

शिवराम, तू हे मला सांगितलं नाहीस. बापाला पाणी लागलेलं तीनदा वाचून दाखवलंस, माझ्या शब्दांत, तो भगीरथ आणि तो झरा, आणि त्यानंतर तू वहीला हात कसा लावणार होतास? तुझं खरं त्यापुढे कसं उभं राहणार होतं? बापाचं तोंड गोड झालं होतं, आणि ते तू नव्हतं केलंस. 'ते तुमाला न्हाई कळायचं' म्हणालास. नाहीच कळलं. सव्वा पानात मी तुझ्यापासून काय काय घेतलं ते मला काल दुपारी, त्या कोरड्या विहिरीच्या काठावर कळलं.

आबांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "त्याचं सवताचं काय व्हतं शेवटाला? त्यानं कवा दावलं न्हाई."

मी वाचलं. शेवटची दोनच पानं, हळू, तुझ्यासारखं ओळीवर बोट ठेवून. 'पाय धुवायला पाणी नव्हतं. तो तसाच जेवायला बसला.' आबा आत खडकाकडे बघत होते. म्हणाले, "व्हय. आशीच हाय ही." आणि मग मान हलवून म्हणाले, "पर पाय धुतलं व्हतं मी त्या दिशी. त्याच्या आईनं वरच्या आळीतनं घागर आणल्याली. त्यो ल्हान व्हता. झोपला आसंल."

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. गेला, लपवत नाही. तिथल्या तिथे एक ओळ घालायला किती जागा होती, घागरीपुरती. मी वही मिटली.

तर हे सगळं त्याच संपादकांकडे पाठवतोय. माझं नाटक परत पाठवा, असंही लिहिलंय. वाचकांना हात जोडून सांगतोय की त्या विहिरीला पाणी नव्हतं, ते मी आणलं होतं. सोबत तुझी शेवटची दोन पानं आहेत, काना-मात्रा न बदलता, तशीच छापा म्हटलंय. आबांचं म्हणणं मी वेगळ्या कागदावर, आबांच्या नावाने लिहून जोडलंय. पाय धुतले होते की नव्हते, ते तुम्ही बापलेक बघून घ्या. मी मधे पडत नाही.